जुन्या पॅनेलचा डबा ठेवून आतले फ्यूज काढावेत आणि ब्रेकर बसवावेत का?

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे: मुलुंडमधली १९७९ची इमारत, तळ अधिक सात मजले, ३२ घरे. मीटरखोलीत मूळचेच लोखंडी पॅनेल आहे. त्यात २०० अँपिअरचा एचआरसी (मोठा करंट तोडू शकणाऱ्या बंद) फ्यूजचा मेन स्विच, ॲल्युमिनियम पट्ट्यांचे बस चेंबर (जिथून वीज सगळीकडे वाटली जाते तो कप्पा) आणि त्यावरून लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे व मीटरच्या तीन गटांकडे जाणारे आयसीटीपी (लोखंडी डब्यातले तीन फेजचे) स्विच आहेत. एक कंत्राटदार म्हणतो, डबा भक्कम आहे, आतले फ्यूज काढून एमसीसीबी (मोठ्या क्षमतेचे ब्रेकर) बसवू. दुसरा म्हणतो, सगळे भंगारात काढा, नवे पॅनेल घ्या, आणि त्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट आहे. सभासदांना पहिला पटतो, तुम्हाला धाकधूक वाटते.

ठाणे-मुलुंड-कल्याण पट्ट्यात जुन्या सोसायट्यांची हीच कामे मी परवानाधारक कंत्राटदार म्हणून करत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पॅनेल न बघता "हे करा" असे सांगणे मला पटत नाही. पण कशावरून ठरवायचे ते नक्की सांगता येईल, आणि त्यातले बरेचसे तुम्ही स्वतः दोन्ही कंत्राटदारांना विचारू शकता.

"डबा ठेवायचा की टाकायचा" हा मुळात दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की शॉर्टसर्किट झाले तर तुमच्या मीटरखोलीत किती करंट येऊ शकतो, आणि नवा ब्रेकर, जुनी पट्टी आणि जुना डबा हे तिन्ही मिळून तो झेलू शकतात का. दोन्ही कोटेशनमध्ये हा आकडा नसेल तर दोन्ही अर्धवट आहेत, स्वस्तातले आणि महागातलेही.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वांत मोठी गफलत होते. आपल्याकडे समजूत अशी आहे की फ्यूज म्हणजे जुने आणि ब्रेकर म्हणजे सुरक्षित. घरातल्या किटकॅटच्या बाबतीत ते खरे आहे. तार बांधायचा किटकॅट दोन-चार किलोअँपिअरच्या वर तोडू शकत नाही, आणि त्यात कोणी जाड तार बांधली की संरक्षणच संपते. पण तुमच्या मेन स्विचमधला पांढऱ्या चिनी मातीचा एचआरसी फ्यूज ही वेगळीच गोष्ट आहे. त्याची तोडण्याची क्षमता ८० किलोअँपिअर असते. मोठा फॉल्ट झाला तर करंट पूर्ण उंचीवर पोहोचायच्या आतच तो वितळतो, त्यामुळे पुढच्या पट्ट्यांवर आणि केबलवर येणारा ताण तो खूपच कमी करतो. असा फ्यूज काढून तिथे १० किलोअँपिअरचा एमसीबी (घरात असतो तसा छोटा ब्रेकर) किंवा बाजारातला हलका एमसीसीबी बसवला तर पॅनेल दिसायला नवे होते, पण संरक्षणात मागे जाते. मोठा शॉर्ट होईपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता तुमच्याकडे आकडा किती असेल त्याचा अंदाज करू. समजा शेजारच्या उपकेंद्रात ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. ४३३ व्होल्टला त्याचा पूर्ण भार सुमारे ८४० अँपिअर. त्याचा इम्पिडन्स (करंटला आतून होणारा अडथळा) साधारण ५ टक्के धरला तर त्याच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाल्यास ८४० भागिले ०.०५, म्हणजे १६.८ किलोअँपिअर येतील. तिथून तुमच्यापर्यंत १२० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल ६० मीटर असेल, तर केबलच्या रोधामुळे हा आकडा नऊ-दहा किलोअँपिअरपर्यंत उतरतो. केबल फक्त १५ मीटर असेल तर तो १४ च्या वर राहतो. म्हणजे दोन शेजारच्या इमारतींनाही एकच उत्तर लागू होत नाही. ट्रान्सफॉर्मरची क्षमता महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून मिळते, केबलचा आकार तिच्या आवरणावर छापलेला असतो, लांबी पावलांनी मोजली तरी चालते. एवढी माहिती घेऊन कंत्राटदाराने अर्ध्या तासात हिशोब करून द्यायला हवा.

नऊ-दहा किलोअँपिअर असतील तर १० किलोअँपिअरचा एमसीबी अगदी काठावर आहे. मी तो मुख्य पट्टीवर थेट कधीच बसवणार नाही. ६ किलोअँपिअरच्या एमसीबीचा तर विचारच नको. एमसीसीबी २५ किंवा ३६ किलोअँपिअरचा घ्यावा. ब्रेकरच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात, आयसीयू आणि आयसीएस. पहिला म्हणजे जास्तीत जास्त किती करंट तोडू शकेल तो, दुसरा म्हणजे किती तोडूनही पुन्हा कामाला लागू शकेल तो. स्वस्त मालात दुसरा आकडा पहिल्याच्या निम्माच असतो. सोसायटीच्या पॅनेलसाठी मी दोन्ही सारखे असलेलाच माल मागवतो, कारण एकदा मोठा फॉल्ट तोडलेला ब्रेकर तपासायला आपल्याकडे कोणी परत येत नाही. तो हँडल वर करून चालूच केला जातो.

मी स्वतः अशा ठिकाणी बहुधा मधला मार्ग घेतो. येणाऱ्या बाजूला एचआरसी फ्यूजचाच नवा स्विच, आणि जाणाऱ्या प्रत्येक लाइनला एमसीसीबी. मागे फ्यूज असला की पुढच्या ब्रेकरवरचा ताण कमी होतो. कुठला फ्यूज कुठल्या ब्रेकरच्या मागे चालतो याचे तक्ते चांगल्या कंपन्या देतात. ती जोडी तक्त्यातूनच निवडावी, अंदाजाने नाही. याची एक उणी बाजूही सांगायला हवी. तीनपैकी एकच फ्यूज उडाला तर पंप आणि लिफ्टच्या मोटरला दोनच फेज मिळतात आणि मोटर जळते. एमसीसीबी तिन्ही फेज एकदम तोडतो. म्हणून फ्यूज ठेवणार असाल तर पंपाच्या स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच. आधीपासून असेल तर तो चालतो का ते एक फेज काढून प्रत्यक्ष बघा.

आता डब्याकडे येऊ. मी बघायला गेलो की सर्वांत आधी खाली वाकून तळाचा पत्रा बघतो. मुंबईच्या दमट हवेत पॅनेल वरून चांगले दिसते आणि खालून सडलेले असते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आरपार गेला तर पुढची चर्चाच नको. मग पाण्याची पातळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी इमारतींच्या मीटरखोल्यांत पाणी शिरले होते. तुमच्या खोलीत तेव्हा किंवा नंतर कधी पाणी आले असेल आणि पॅनेल त्या उंचीच्या खाली असेल, तर जुना डबा ठेवण्यात अर्थ नाही. नवे पॅनेल उंचावरच न्यायला हवे. फक्त आतले बदललेत तर पुढच्या पुरात नवे ब्रेकरही जातील. पाण्यात बुडालेला ब्रेकर वाळवून वापरता येत नाही, कितीही नवा असला तरी टाकूनच द्यावा लागतो.

डबा निरोगी निघाला तर पुढे बस चेंबर. पट्टीची रुंदी आणि जाडी मोजा. जुन्या कामात ॲल्युमिनियमला प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे साधारण एक अँपिअर धरत असत, आणि तो ठोकताळा मी आजही सोडत नाही. २५ बाय ६ ची पट्टी म्हणजे १५० चौरस मिलिमीटर. तिच्यावर २०० अँपिअरचा मेन असेल तर उन्हाळ्यात ती पट्टी तापणारच. मधले आधार बघा. जुन्या पॅनेलमध्ये ते हायलम नाहीतर बॅकेलाइटचे असतात. काळे पडले असतील, कडेने तडे गेले असतील, बोटाला भुकटी लागत असेल, तर ते बदललेच पाहिजेत. शॉर्टच्या वेळी शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. करंट दुप्पट झाला तर जोर चौपट. आधार तुटला तर पट्ट्या एकमेकींना भिडतात, आणि मग चेंबरच्या आत पेटलेली ठिणगी विझवणे तुमच्या नव्या ब्रेकरच्या हातात राहत नाही. तो तर तिच्या पुढे बसलेला असतो.

म्हणूनच पहिल्या कंत्राटदाराच्या "फक्त स्विच बदलू" या सल्ल्याला माझी हरकत आहे. पट्टी आणि आधार तसेच ठेवून पुढे महागडे ब्रेकर लावणे म्हणजे काम अर्धेच करणे. त्याच्या कोटेशनमध्ये नवी पट्टी, नवे आधार, पट्टीवर फेजच्या रंगाचे आवरण आणि ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडावर बायमेटल लग (दोन धातूंचे जोडटोक) हे सगळे असेल, तर तो सल्ला मुळीच वाईट नाही. बहुतेक वेळा हे धरून पुन्हा दर काढला की अडीचपटीचा फरक दीडपटीवर येतो, आणि मग निर्णय सोपा होतो.

जागेचाही प्रश्न असतो. आयसीटीपी मोठा आणि एमसीसीबी छोटा, त्यामुळे "मावतोय की" असे सगळ्यांनाच वाटते. पण एमसीसीबी तोडताना वरच्या बाजूने तापलेला वायू बाहेर फेकतो. त्या बाजूला कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडावी लागते आणि फेजांच्या मध्ये बॅरियर लावावे लागतात. ब्रेकरच्या खोक्यातच हे बॅरियर येतात, आणि अनेक वायरमन ते बाजूला ठेवून देतात. काम झाल्यावर दार उघडून ते लागलेत का ते बघाच. दुसरे म्हणजे जुनी जाड ॲल्युमिनियम केबल नव्या ब्रेकरच्या टर्मिनलवर सरळ बसत नाही. तिला ओढून-ताणून बसवले तर ताण टर्मिनलवर येतो आणि काही महिन्यांत जोड ढिला होतो. त्यासाठी पसरट जोडपट्ट्या मिळतात, त्या मागवा. दारावरच्या जुन्या हँडलांची भोके पत्रा मारून बंद करा. पाल आणि उंदीर तिथूनच आत शिरतात. दार आणि डबा यांच्यामध्ये लवचीक अर्थिंगची तार हवी. डब्याच्या अंगाला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या पट्ट्या हव्यात. तीन फेजच्या साहित्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हा नियमच आहे, आणि जुन्या इमारतीत त्यातली एक बहुतेक वेळा जमिनीलगत गंजून तुटलेली सापडते.

उष्णतेबद्दल थोडे. एमसीबीची क्षमता ३० अंश तापमानाला ठरवलेली असते, एमसीसीबीची साधारणपणे ४० अंशांना. मेमध्ये तुमची बंद मीटरखोली किती तापते ते तुम्हाला ठाऊक आहे. एका रेलवर दहा एमसीबी खेटून बसवले की ते एकमेकांना तापवतात आणि ६३ लिहिलेला ब्रेकर ५० ला सुद्धा पडू लागतो. मग तक्रार येते, वायरमन त्याहून मोठा लावून जातो, आणि खालची केबल संरक्षणाविना राहते. उपाय साधे आहेत. मध्ये फटी सोडा, खोलीला वर-खाली जाळी द्या आणि निवड करतानाच एक पायरी मोठ्या आकाराचा एमसीसीबी घेऊन त्याची थर्मल सेटिंग खाली आणा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण माझ्या मते ज्यातून खरी आग लागते, ते सांगतो. मीटरच्या पुढे प्रत्येक घराचा एक ३० अँपिअरचा आयसीडीपी (लोखंडी डब्यातला दोन पोलचा फ्यूज स्विच) असेल, आणि तिथून वर घरापर्यंत जाणारी तार. १९७९च्या इमारतीत ती बहुधा ६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची असते. पाइपातून जाणाऱ्या अशा तारेची क्षमता २७ अँपिअरच्या आसपास. त्या काळी घरात पंखे, ट्यूबलाइट आणि फार तर फ्रिज होता, तेव्हा ती पुरेशी होती. आज त्याच तारेवर दोन एसी आणि दोन किलोवॉटचा गिझर आहे. एसी प्रत्येकी सुमारे १.७ किलोवॉट धरला तर तिघांचे मिळून साडेपाच किलोवॉटच्या जवळ जातात, म्हणजे २३-२४ अँपिअर. त्यात इंडक्शन किंवा इस्त्री लागली की मर्यादा ओलांडली.

फ्यूज असताना हे कळत नव्हते, कारण ३० अँपिअरची म्हणून बांधलेली फ्यूजतार प्रत्यक्षात ५०-६० अँपिअरपर्यंत तग धरते. तेवढा वेळ भिंतीतली तार भाजत राहते. तुम्ही तिथे नियमाप्रमाणे २५ अँपिअरचा एमसीबी बसवलात तर तो ३६ अँपिअरला तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, आणि तो पडेल. रात्री नऊ वाजता चौथ्या मजल्यावरचे काका तुम्हाला फोन करतील की नव्या पॅनेलमुळे लाइट जाते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या जागी ४० किंवा ६३ चा एमसीबी लावून देईल आणि तक्रार थांबेल. हे मी इतक्या इमारतींत पाहिले आहे की काम सुरू करण्याआधीच सर्वसाधारण सभेत सांगून टाकतो: ब्रेकरचा आकडा तारेवरून ठरतो, घरातल्या उपकरणांवरून नाही. ज्याला जास्त भार हवा, त्याने मीटरपासून घरापर्यंत तांब्याची १० चौरस मिलिमीटरची तार ओढून घ्यावी, मंजूर भार वाढवून घ्यावा, मग मोठा ब्रेकर मिळेल. हा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. पॅनेलच्या खर्चापेक्षाही याच ठरावाने तुमची इमारत जास्त सुरक्षित होईल.

न्यूट्रलबद्दलही तेवढ्याच गांभीर्याने सांगतो. खूप जुन्या बोर्डांवर फेजबरोबर न्यूट्रललाही किटकॅट सापडतो. तो काढून तिथे तांब्याची अखंड लिंक लावा. तीन फेजच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला तर ज्या फेजवर भार कमी आहे तिथल्या घरांत २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या पुढे जाते. एका रात्रीत दहा-बारा घरांचे टीव्ही आणि फ्रिज जळतात, आणि ब्रेकर पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट जास्त नसतोच. म्हणून न्यूट्रलची पट्टी फेजच्या पट्टीइतकीच जाड मागा, निम्मी नको. आजच्या एलईडी आणि इन्व्हर्टर एसीच्या काळात न्यूट्रलमधून पूर्वीपेक्षा जास्त करंट वाहतो. जनरेटर नसेल तर मुख्य ब्रेकर तीन पोलचा आणि न्यूट्रल अखंड लिंकवर, अशी माझी पद्धत आहे. जनरेटर असेल तर चेंजओव्हर (महावितरणवरून जनरेटरवर वळवणारा स्विच) चार पोलचा घ्यावा लागतो.

लीकेज संरक्षण (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून तोडणे) म्हणजे आरसीसीबी. माणसाचा जीव वाचवायला ३० मिलिअँपिअरचा हवा, आणि त्याची जागा घरातल्या डीबीत (ब्रेकरच्या पेटीत) आहे, मीटरखोलीत नाही. मीटरखोलीत सगळ्या घरांसाठी मिळून ३० चा लावला तर तो दिवसातून चारदा पडेल. असा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो, आणि ३२ घरांचे थोडेथोडे लीकेज मिळून तेवढे सहज होते. समाईक लाइनींसाठी ३०० मिलिअँपिअर ठीक आहे. तो आगीपासून वाचवतो, शॉकपासून नाही, हे सभासदांना स्पष्ट सांगा. जुन्या घरात आरसीसीबी लावला की लगेच पडतो, आणि लोक म्हणतात माल खराब आहे. बहुतेक वेळा दोन खोल्यांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो, नाहीतर बाथरूमच्या भिंतीतली तार ओली असते. ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) घराची तार तपासली आणि आकडा एक मेगओहमच्या खाली आला, तर आधी तार दुरुस्त करायची. आणि आरसीसीबी ओव्हरलोड तोडत नाही, त्याच्याबरोबर एमसीबी लागतोच. दोन्ही एकातच हवे असतील तर आरसीबीओ घ्या.

पंप आणि लिफ्टचे वेगळे बघावे लागते. साडेसात अश्वशक्तीची पंपाची मोटर पूर्ण भारावर साधारण ११ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना सहापट, म्हणजे ६५-७० च्या घरात. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी ८० ते १६० अँपिअरमध्ये तात्काळ तोडतो, त्यामुळे सुरू होतानाच्या पहिल्या झटक्याला तो अधूनमधून पडतो. तिथे डी प्रकारचा (सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा) किंवा मोटरसाठीचाच ब्रेकर घ्यावा. लिफ्टला ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) असेल तर तिच्या लाइनवर ३० मिलिअँपिअर लावू नका. इमारतीत फायर पंप असेल तर त्याची लाइन मुख्य स्विचच्या आधीच स्वतंत्र निघाली पाहिजे. आगीच्या वेळी अग्निशमन दल मुख्य स्विच पाडते, आणि पंप त्यानंतरही चालला पाहिजे.

भार किती आहे हा प्रश्न उरतो. २०० अँपिअर म्हणजे तीन फेजना मिळून सुमारे १४० केव्हीए, घरटी सव्वाचार-साडेचार. सगळी घरे एकाच वेळी पूर्ण भार घेत नाहीत म्हणून इतकी वर्षे निभावले. पण अंदाज नको. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री नऊ ते साडेअकरा टाँग टेस्टरने (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या यंत्राने) तिन्ही फेजचे करंट घ्या, आठवडाभर. मोजणाऱ्याला पॅनेल उघडण्याचा परवाना आणि सराव हवा. वॉचमनकडून करून घेऊ नका. आर फेजवर १७० आणि बी फेजवर ९० असे काही निघाले तर अर्धे दुखणे फेज वाटून घेतल्यानेच बरे होईल. १८० च्या पुढे तिन्ही जात असतील तर दुरुस्तीचा विचार सोडा, मोठे पॅनेल आणि मोठी केबल दोन्ही लागतील. पार्किंगमध्ये विजेच्या गाड्या येणार असतील तर तेही आत्ताच धरा. भिंतीवरचा ७.४ किलोवॉटचा एक चार्जर एका फेजवर ३२ अँपिअर घेतो, तोही तासन् तास.

आता कायद्याची बाजू. मीटर, त्याच्या आधीचा कटआउट आणि येणारी केबल महावितरणची. त्याला सील असते, ते तुमच्या कंत्राटदाराने तोडायचे नाही. शटडाउनसाठी लेखी अर्ज करायचा, त्यांच्या माणसाने सप्लाय काढायचा आणि काम झाल्यावर त्यांनीच जोडायचा. तुमची इमारत १५ मीटरपेक्षा उंच आहे, त्यामुळे विद्युत निरीक्षक कार्यालयाचाही संबंध येतो. काय कागद लागतील ते काम सुरू होण्यापूर्वी विचारा, नंतर नाही. कंत्राटदाराचा परवाना चालू आहे का ते बघा आणि त्याच्या पर्यवेक्षकाच्या सहीचा चाचणी अहवाल घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही: पॅनेलच्या आजच्या मानकाप्रमाणे, तयार पॅनेलच्या आतले साहित्य बदलले की त्या पॅनेलची जबाबदारी मूळ कारखान्याकडून बदलणाऱ्याकडे येते. पहिल्या कंत्राटदाराला विचारा, "बदल केल्यानंतरच्या पॅनेलची क्षमता आणि फॉल्ट झेलण्याचा आकडा तुमच्या नावाने पाटीवर लिहून द्याल का?" जो देईल त्याच्याशी पुढे बोला.

कारखान्यांत मोठ्या एअर सर्किट ब्रेकरसाठी जुन्या पॅनेलात बसणारे रेट्रोफिट संच मूळ कंपन्याच देतात, आणि ते चांगले चालतात. अमेरिकेत घरगुती पॅनेललाही असे तयार गाभे मिळतात. आपल्याकडच्या सोसायटीच्या पॅनेलला तसा तयार संच नाही. प्रत्येक डबा स्थानिक फॅब्रिकेटरने आपल्या मापाने बनवलेला असतो. त्यामुळे इथे "रेट्रोफिट" म्हणजे जागेवर बसून केलेली जुळवाजुळव, आणि तिचा दर्जा करणाऱ्या हातांवर अवलंबून. स्विचगिअरच्या सुट्या भागांचाही विचार करा. एल अँड टीचा स्विचगिअरचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला आणि आता तो माल लॉरिट्झ नुडसेन नावाने येतो. जुन्या फ्यूज स्विचचे संपर्कभाग मिळेनासे झाले असतील, तर चालू स्थितीतला स्विचही बदलण्याच्या यादीत घाला.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी दोन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवा. जुन्या किटकॅटच्या मागे किंवा आत पांढुरका, तंतूंचा पत्रा किंवा पट्टी असेल तर ती ॲस्बेस्टॉस असू शकते. तिला ड्रिल मारू देऊ नका, झाडू मारू देऊ नका. ओली करून, अखंड उतरवून, जाड पिशवीत बंद करून योग्य ठिकाणी पाठवायला सांगा. दुसरी गोष्ट फेजचा क्रम. केबल परत जोडताना दोन फेज उलटसुलट झाले तर पंप उलटा फिरतो आणि टाकीत पाणी चढत नाही. लिफ्ट तर सुरूच होत नाही, आणि लोक लिफ्टवाल्याला बोलावत बसतात. म्हणून काढण्यापूर्वी क्रम मोजून केबलवर खुणा करायच्या. जोडल्यावर आधी पट्टीचे मेगर, मग न्यूट्रल अखंड आहे का, मग तिन्ही फेज ते न्यूट्रल व्होल्टेज, मग क्रम, आणि हे सगळे बरोबर आल्यावरच घरांचे स्विच एकेक करून वर करायचे. नट टॉर्क पाना लावून आवळलेले असावेत, आणि एक महिन्याने रात्रीच्या भारावर थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढून द्यायचे, हे कामाच्या करारातच लिहा. ॲल्युमिनियमचा जोड पहिल्या काही आठवड्यांत बसतो आणि किंचित ढिला होतो. तो तापलेला जोड त्या फोटोत लगेच दिसतो.

तुमच्या वर्णनावरून माझा कल असा: तळाचा पत्रा निरोगी, पुराचा धोका नाही आणि भार प्रत्येक फेजला १५० च्या आत, असे असेल तर डबा ठेवून आतले सगळे, पट्टी आणि आधारांसकट, नवे करा. यातली एक जरी अट पूर्ण होत नसेल तर नवे पॅनेलच घ्या, आणि दुसऱ्या कंत्राटदाराकडूनही फॉल्टचा आकडा, न्यूट्रलची जाडी आणि ब्रेकरचे दोन्ही किलोअँपिअर लिहून घ्या. पट्टीचे माप, येणाऱ्या केबलवरचा छापील आकार, ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि दार उघडे असतानाचे फोटो इथे टाकलेत तर तुमच्या जागेचा किलोअँपिअरचा हिशोब मी मांडून देतो. दार मात्र परवानाधारक माणसाकडूनच उघडून घ्या.